दोन बोटं माया

थोरलीच्या दुकानात एक नियम होता. तो भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. गिऱ्हाइकाचं माप मोठ्यानं बोलायचं नाही. टेप लावायची, आकडा डोळ्यांनी टिपायचा, वहीत तारीख टाकून लिहायचा आणि वही मिटायची. बाईनं विचारलंच, "किती भरली हो कंबर?" तर सांगायचं, "मागच्याएवढीच." थोरलीला शिवण शिकवणारा म्हातारा मास्तर म्हणायचा, बाईला वय विचारलं तर ती नुसती रागावते, कंबर सांगितली तर कापड उचलून दुसऱ्याकडे जाते.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक शिलाई मशीन, एक लांब टेबल, पडद्याआडचा आरसा आणि तयार कपडे टांगायला भिंतीवर खुंट्यांची रांग. बावीस वर्षं थोरली तिथे बाया मोजत होती आणि टेप लागली की एकूणएक बाई काय करते हे तिला पाठ होतं. पोट आत ओढून घेते. मोठी अधिकारीण असो नाहीतर भाजीवाली, टेपेपुढे सगळ्या सारख्या. थोरली काही बोलायची नाही. ओढलेल्या पोटाचं माप घ्यायची, मनातल्या मनात त्यात दीड इंच घालायची आणि तेवढं सैल शिवायची. बाई खूश, कपडा खूश. "तुमच्या हातात जादू आहे हो, मी जाड झाले तरी कपडा बरोब्बर बसतो!" असं कुणी म्हटलं की थोरली दातात टाचणी धरून नुसती हसायची.

जादू कसली, माया होती. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दडवून ठेवतात त्याला माया म्हणतात. कपडा घट्ट झाला की टाके उसवायचे आणि ती माया थोडी थोडी सोडायची. बाजारातल्या तयार कपड्यात ती बोटभरही नसते, तिथे कुणाला कुणाची पडलेली नसते. थोरली गिऱ्हाइकाला बोटभर ठेवायची आणि घरच्यांना दोन बोटं.

घरचं म्हणजे मुख्य गिऱ्हाईक धाकटी. थोरलीची जाऊ. दोघी सख्ख्या भावांच्या बायका, एकाच घरात राहायच्या, एकाच ओट्यावर स्वयंपाक करायच्या, आणि इतक्या वर्षांत भांडण झालंच नाही असं म्हणणाऱ्याच्या तोंडात साखर घालावी. धाकटी बसवर कंडक्टर. सत्तेचाळीस वर्षांची, सडसडीत, आणि आवाज असा की स्वयंपाकघरातून "पुढे सरका" म्हणाली की दारातलं मांजरसुद्धा पुढे सरकायचं. तिला एकाच गोष्टीचा गर्व होता. "ताई, माझं अजून लग्नातलं माप आहे बरं का," असं ती येताजाता सुनवायची. थोरलीच्या कंबरेनं लग्नातलं माप केव्हाच मागे टाकलं होतं, त्यामुळे ती म्हणायची, "हो गं बाई, तू कायमची नवरी."

पहिल्यांदा धाकटी गणवेशाची पँट घेऊन आली तेव्हा थोरलीला काहीच वाटलं नाही.

"ताई, ही घट्ट होतेय. धुतल्यावर आटली वाटतं."

"आटलीच असेल," थोरली म्हणाली. तिनं टेप लावली. साडेएकतीस. मागच्या वेळी तीस होती. तिनं सवयीनं तारीख टाकून लिहिलं, वही मिटली, मागची शिवण उसवली, माया सोडली आणि इस्त्री मारून पँट परत दिली. धाकटीनं ती चढवली, आरशात पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "बघा! कापडच आटलं होतं."

दीड महिन्यानं ती पँट पुन्हा आली. तेहेतीस. त्यानंतर अठरा दिवसांनी पुन्हा आली. साडेचौतीस. दर वेळी धाकटी कापडाला शिव्या द्यायची, नाहीतर धुण्याच्या साबणाला, आणि दर वेळी थोरली म्हणायची, "आटतंच हल्लीचं कापड." उतारवयाकडे झुकलेली बाई आहे, पोट सुटलंय, कशाला तिचा गर्व मोडा. खोटं कसलं त्यात, तो तर तिचा धंदाच होता.

मग डेपोतून नवीन शर्टाचं कापड आलं. धाकटी हात पसरून उभी राहिली, तोंडाची टकळी चालूच होती, आणि थोरलीनं दंडाला टेप लावली. सव्वादहा. तिला वाटलं चुकलं. पुन्हा लावली. सव्वादहाच. वहीत मागचा आकडा होता अकरा. गळा पाव इंचानं उतरला होता. खांद्याचं हाड बोटांना लागत होतं.

थोरलीच्या हातातली टेप तशीच राहिली.

बाई जाड होते तेव्हा सगळीकडून होते. आधी दंड भरतात, मग पाठीला वळ्या येतात, गळा रुंदावतो, पोट मागाहून येतं. बावीस वर्षांत शेकडो बाया तिच्या टेपेखालून गेल्या होत्या, शरीराची ही चाल तिला डॉक्टरपेक्षा जास्त ठाऊक होती. हात वाळतायत आणि पोट तेवढं वाढतंय, असं तिनं आजवर एकदाच पाहिलं होतं. ते जिचं पाहिलं तिचा निळा झगा भिंतीवरच्या शेवटच्या खुंटीवर अजून टांगलेला होता.

तो बेकरीवालीचा. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गोल, हसरी बाई. त्या वर्षी तीन वेळा झगा सैल करायला आली. थोरलीनं तीन वेळा माया सोडली, तीन वेळा म्हणाली, "मागच्याएवढीच आहे हो." बाई गेल्यावर शेजारणीबरोबर हसलीसुद्धा, की स्वतःचेच पाव स्वतः खाते वाटतं. चौथ्या वेळी झगा टाकून गेली, तो न्यायला आलीच नाही. बऱ्याच दिवसांनी तिची बहीण रस्त्यात भेटली. म्हणाली, "गेली हो. पोटात होतं तिच्या. कळलंच नाही कुणाला." थोरलीनं तो झगा कुणाला देऊन टाकला नाही की फाडला नाही. त्याच्याकडे न बघता ती तीन वर्षं शेजारच्या खुंट्यांवर कपडे टांगत-काढत होती.

"झालं का हो माप? हात दुखले माझे," धाकटी म्हणाली.

"झालं."

"किती?"

"मागच्याएवढंच," थोरली म्हणाली. जिभेला वळण पडलं की ती स्वतःच बोलते.

त्या दिवसापासून थोरलीच्या जिवाला घोर लागला. जेवताना ती स्वतःच्या ताटात कमी आणि जावेच्या ताटात जास्त बघायला लागली. धाकटी एकेकाळी दोन माणसांचं जेवायची. आता चार घास खाल्ले की ताट सरकवायची. "बास. गळ्यापर्यंत आलं." डाळीला दोष द्यायची, मग पाण्याला. ओटीपोट जड वाटतं म्हणून संध्याकाळी ओव्याचं पाणी प्यायची. कामावर जाताना पाण्याची बाटली नेणं तिनं बंद केलं होतं, कारण सारखं लघवीला लागतं आणि भरल्या गाडीत कंडक्टरनं जायचं कुठे? "परवा ड्रायव्हरला मध्येच पंपावर गाडी थांबवायला लावली," ती हसत सांगायची. "वय झालं ताई. मशीन जुनं झालं." सगळे हसायचे. थोरलीही हसायची.

नऊ दिवस ती बोलली नाही. नऊ! स्वतःला विचारायची, तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस का? ती घाबरली होती हे खरं उत्तर होतं. बोललं की ते खरं होईल असं तिला वाटत होतं. शिवाय बोलायचं म्हणजे आधी हे सांगायचं, की तुझं कापड कधी आटलंच नाही, तीन महिने मी तुला फसवतेय. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगते. रोज धाकटी डबा पिशवीत टाकून "चला, पुढे सरका" म्हणत बाहेर पडायची आणि थोरली मशीनवर बसून उगाच सरळ टीप तिरकी घालायची.

दहाव्या दिवशी पँट चौथ्यांदा आली. धाकटीनं ती टेबलावर आपटली. "हे कापड आहे का रबर? काय लावलंय यानं!" आणि ती आंघोळीला गेली.

थोरलीनं शिवण उलटी केली, टाके उसवायला कात्रीचं टोक घातलं आणि थबकली. आत काही नव्हतं. कापडाची कड येऊन टाक्यांना भिडली होती. दोन बोटं माया तिनं स्वतःच्या हातानं पुरती सोडून संपवली होती.

वाट अजून होती. मागे पट्टी जोडता आली असती, वर शर्ट आला की कुणाला दिसली नसती. तिच्या हातांनी खाकी तुकडा शोधलासुद्धा, खडूनं रेघ मारली. मग तिची नजर शेवटच्या खुंटीकडे गेली. तिनं कात्री खाली ठेवली. खाकी तुकडा परत चिंध्यांत टाकला.

धाकटी केस पुसत आली तेव्हा थोरली चपला घालून उभी होती.

"माझा गुडघा फार दुखतोय. डॉक्टरकडे चल माझ्याबरोबर."

"आत्ता? माझी दुपारची ड्युटी आहे."

"मग आत्ताच चल. एकटीला मला भीती वाटते."

ते मात्र अगदी खरं होतं.

दवाखान्यात बाकावर तासभर बसल्या. आत बोलावलं तशी थोरलीनं जावेला पुढे ढकललं आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "माझा गुडघा राहू द्या. हिला बघा."

"मला काय झालंय?" धाकटी चकित. पण डॉक्टरीणबाई समोर बसल्याच होत्या, म्हणून तिनं सांगितलं, थोडं पोट फुगतं, भूक कमी झालीय, गॅस असेल. डॉक्टरीणबाई थकलेल्या होत्या, बाहेर अजून वीस माणसं खोळंबलेली. त्यांनी लिहायला घेतलं.

"कधीपासून?"

"हल्लीच. आठ-दहा दिवस."

"पोट वाढल्यासारखं वाटतं? कपडे घट्ट होतात?"

"छे हो!" धाकटी हसली. "कपडे तर झकास बसतात. अजून लग्नातलं माप आहे माझं. विचारा यांना, याच शिवतात."

"बरं. गोळ्या देते. पंधरा दिवस घ्या, मग बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कागद फाडायला लागल्या.

पंधरा दिवस. बेकरीवालीनंही कुठेतरी असेच पंधरा दिवस घालवले असतील. आणि तिच्यासाठी थोरली जिथे गप्प बसली होती तिथेच आताही गप्प बसणार होती की काय?

"बसत नाहीत," ती म्हणाली.

दोघींनी तिच्याकडे पाहिलं.

"कपडे बसत नाहीत तिला. मी बसवते." पिशवीतून तिनं मापांची वही काढली. बावीस वर्षांत ती वही दुकानाबाहेर गेली नव्हती आणि कुणी परक्यानं उघडली नव्हती. तिनं धाकटीचं पान काढून टेबलावर ठेवलं. "कंबर तीस होती. मग साडेएकतीस, तेहेतीस, साडेचौतीस. आज मोजली नाही, मला धीर झाला नाही. दंड अकराचा सव्वादहा झालाय. तारखा लिहिल्यात. चार घासांच्या वर जेवत नाही. सारखी लघवीला जाते. तीन महिने झाले."

डॉक्टरीणबाईंनी पान वाचलं. बोट ठेवून एकेक तारीख खालपर्यंत वाचली. मग लिहिलेला कागद चुरगळला, उठल्या आणि दार लावून घेतलं.

"इथे आडव्या व्हा," त्या धाकटीला म्हणाल्या. आवाज मऊ झाला होता, आणि तो मऊ झाला म्हणूनच थोरलीच्या अंगावर काटा आला.

पोट तपासून झाल्यावर त्यांनी त्याच दिवशी सोनोग्राफी करायला सांगितली. लपवलं काही नाही. अंडाशयाच्या गाठी बहुतेक वेळा दुखत नाहीत, म्हणून बाया फसतात, म्हणाल्या. पोट फुगणं, लवकर पोट भरणं, सारखी लघवी. ही लक्षणं गॅसचीही असतात, पण गॅस येतो आणि जातो. आठवडे उलटले तरी जात नाही, वाढतंच राहतं, ते बघून घ्यायलाच हवं. "गाठच असेल असं नाही. पण मी आता पंधरा दिवस थांबणार नाही."

सोनोग्राफीसाठी लिटरभर पाणी पिऊन बसायचं होतं. अरुंद बोळ, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर शांतता राखा अशी पाटी. धाकटी ग्लासामागून ग्लास पाणी पीत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. तिचा आवाज बंद झालेला थोरलीनं या आधी कधी पाहिला नव्हता.

"कधी कळलं?" शेवटी धाकटीनं विचारलं.

"पोट वाढतंय हे पहिल्याच वेळी कळलं. दंड मोजला तेव्हा घाबरले."

"दंड मोजून दहा दिवस झाले."

"हो."

"मी रोज आरशासमोर उभी राहायचे," धाकटी हळू बोलत होती, पण एकेक शब्द टाचणीसारखा टोचत होता. "वाटायचं, पोट मोठं दिसतंय का आपलं? मग म्हणायचे, छे, पँट तर बसतेय. त्या पँटवर विश्वास ठेवला मी. कापड आटलं म्हणालीस. पांघरूण घातलंस माझ्या पोटावर. तू शिंपीण आहेस की कोण आहेस?"

पंचवीस वर्षांत तिनं थोरलीला पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं पुसलं नाही.

"तुला वाईट वाटू नये म्हणून," ती म्हणाली, आणि तिलाच ते फुसकं वाटलं.

तेवढ्यात धाकटीनं मांड्या घट्ट आवळल्या. "आयुष्यभर गाडीत लघवी रोखून धरली, आता इथे धरवेना," ती म्हणाली, हसायला गेली आणि हसता हसता रडायला लागली. मग तिनं थोरलीचा हात पकडला. इतका जोरात, की थोरलीच्या सुईनं भोकं पडलेल्या बोटांना कळ लागली. रागावलेली होतीच. पण भीती रागापेक्षा मोठी होती, आणि त्या बोळात धरायला दुसरा हात नव्हता.

आत थोरलीला सोबत बसू दिलं. पोटावर यंत्र फिरवणाऱ्या बाई आधी हवापाण्याचं बोलत होत्या. मग बोलायच्या थांबल्या. यंत्र एकाच जागी दाबून धरलं, पडद्यावर मोजायला लागल्या. थोरलीनं आयुष्यभर मोजमापच केलं होतं. समोरची बाई आकडा बघून गप्प बसते तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"किती आहे?" धाकटीनं विचारलं.

"मोठ्या डॉक्टर सांगतील," बाई म्हणाल्या.

"मोठ्यानं सांगा," थोरली एकदम म्हणाली. "तिचं आहे. तिला सांगा."

बाई घुटमळल्या, दोघींच्या तोंडांकडे बघितलं आणि सांगितलं. चौदा सेंटिमीटर. भोवती पाणी.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठ वाईटच निघाली. दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, बाहेर भिंतीला टेकून उभा होता, तो तसाच खाली बसला. काढता येईल तेवढं सगळं काढलंय, सर्जन म्हणाले, पुढे औषधाच्या सहा फेऱ्या. थोरलीनं विचारलं, उशीर झाला का? ते म्हणाले, "वेळेत आलात असं म्हणणार नाही. पण अजून दोन महिन्यांनी आला असतात, तर मी ऑपरेशनला हात घातला नसता." थोरलीला ते वाक्य दिलासा म्हणून घ्यावं की शिक्षा म्हणून, हे कळलं नाही. ते तिच्याबरोबर घरी आलं आणि मशीनवर, ओट्यावर, अंथरुणावर सगळीकडे तिच्यासोबत राहायला लागलं.

"फेऱ्यांचं मला नका सांगू," धाकटी डॉक्टरांना म्हणाली. "दिवसाला आठ मारायचे मी."

दुसऱ्या फेरीनंतर केस गेले. आवाज मात्र थोडा थोडा परत येत होता. एका सकाळी ती डोक्याला रुमाल बांधून दुकानात आली आणि पँट टेबलावर ठेवली. आपटली नाही, ठेवली.

"ही आत घे. सैल होतेय."

थोरलीनं टेप घेतली. धाकटी हात पसरून उभी राहिली. टेप कंबरेभोवती आली आणि थोरलीला आकडा दिसला. सवयीनं तिचा हात वहीकडे गेला.

"मोठ्यानं," धाकटी म्हणाली.

"साडे... साडेसत्तावीस."

"दंड?"

"साडेनऊ."

"बरं." धाकटीनं डोक्याचा रुमाल घट्ट केला. "आत घे. पण कापू नकोस. कापड सगळं आत ठेव. मी परत भरणार आहे."

थोरलीनं मान डोलावली. जास्तीचं सगळं कापड तिनं आत दुमडलं, दोन बोटं नाही, चांगलं चार बोटं, आणि कच्चा धावदोरा घातला. ती माया पुन्हा लागेल की नाही, हे त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं.

मान वर केली तर टेप धाकटीच्या हातात होती.

"ऊठ. हात वर कर."

"माझं कशाला?"

"वहीत गावभरच्या बायका आहेत. तुझं पान कुठंय?"

थोरलीचं पान नव्हतं. शिंपिणीला कोण मोजणार? स्वतःचे घेरदार झगे ती अंदाजानं कापायची, पाच वर्षांपूर्वीचा कुठला, परवाचा कुठला, काही कळायचं नाही. हल्ली झोपताना ओटीपोटात काहीतरी जड वाटतं, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सैल कपड्यात ते सहज झाकून जायचं. ती उठली.

धाकटीनं वहीचं कोरं पान उघडलं, तारीख टाकली आणि टेप तिच्या कंबरेभोवती आणली. बावीस वर्षांत शेकडो बायांनी तिच्यापुढे जे केलं तेच थोरलीनं केलं.

"पोट आत ओढू नकोस, ताई," धाकटी म्हणाली. "खरं माप दे."

थोरलीनं डोळे मिटले आणि श्वास सोडला.